विश्लेषण : पेशीच्या शालेय प्रकल्पातले पहिले नाव… रॉबर्ट हूक यांना खरोखर काय दिसले होते?

विज्ञानाच्या पुस्तकात पेशीचा धडा आला, की घरात बुटांच्या रिकाम्या खोक्याची शोधाशोध सुरू होते. खोक्याची वनस्पती पेशी होते, वाडग्यात ओतलेल्या जेलीची प्राणी पेशी. राजम्याचे दाणे तंतुकणिका होतात, वाटाणे हरितलवके होतात, दुमडलेली रिबीन गॉल्गी संकुल होते आणि चेंडू केंद्रकाच्या जागी बसतो. शेजारच्या तक्त्यावर एक नाव आणि एक साल हमखास असते : रॉबर्ट हूक, १६६५. मात्र मुले इतक्या हौसेने मांडतात त्या अंगकांपैकी एकही हूक यांनी ओळखलेले नव्हते. त्यांना दिसल्या होत्या त्या रिकाम्या खोल्या. मग यादीत त्यांचे नाव पहिले का? आणि हा माणूस नेमका कोण होता?

घड्याळ उघडून पाहणारा मुलगा…

रॉबर्ट हूक यांचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर, फ्रेशवॉटर या गावी झाला. वडील जॉन हूक तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. रॉबर्ट लहानपणी सतत आजारी असे. मूल जगेल की नाही, याचीच घरच्यांना धास्ती होती. अभ्यासाला बसले की डोके दुखू लागे. त्यामुळे वडिलांनी नेटाने शिकवणे सोडून दिले आणि मुलाला त्याच्या नादावर सोडले.

हा नाद होता वस्तू तयार करण्याचा. एकदा पितळी घड्याळ उघडलेले त्याने पाहिले आणि त्याचा प्रत्येक भाग लाकडात घडवून दुसरे घड्याळ उभे केले. ते लाकडी घड्याळ बऱ्यापैकी चालतही असे. नंतर त्याने सुमारे तीन फूट लांबीचे जहाज तयार केले. त्याला शिडे होती, दोर होते आणि पाण्यावर चालता चालता बार काढणाऱ्या छोट्या तोफाही होत्या. आजच्या भाषेत सांगायचे, तर चालते मॉडेल. कोणत्याही शाळेने हा प्रकल्प सांगितला नव्हता, त्याला गुणही मिळणार नव्हते. वस्तू कशी चालते हे कळून घेण्याचा त्या मुलाला सापडलेला मार्ग तोच होता.

चित्रकलेकडून विज्ञानाकडे कसे वळले?

१६४८ मध्ये वडील वारले. तेव्हा रॉबर्ट १३ वर्षांचा होता. वारशात मिळालेली थोडी रक्कम घेऊन तो लंडनला आला. हात चित्रकलेचा असल्याने त्या काळचे नामवंत चित्रकार पीटर लेली यांच्याकडे त्याला शिकायला ठेवण्यात आले. पण तैलरंगांच्या वासाने डोकेदुखी बळावू लागली आणि ते शिक्षण लवकरच संपले. त्यानंतर वेस्टमिन्स्टर शाळेत मुख्याध्यापक रिचर्ड बझ्बी यांच्या हाताखाली त्याने लॅटिन, ग्रीक आणि भूमिती शिकून घेतली.

१६५३ मध्ये हूक ऑक्सफर्डला पोहोचले. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांना काम करणे भाग होते. आधी वैद्यकशास्त्रज्ञ थॉमस विलिस आणि मग रॉबर्ट बॉइल यांचे मदतनीस म्हणून ते राबले. वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध सांगणारा बॉइल यांचा नियम अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. त्यामागील प्रयोगांसाठी लागणारा हवेचा पंप हूक यांनी घडवला होता. बॉइल श्रीमंत घराण्यातले, हूक पगारी मदतनीस. ही दरी पुढे आयुष्यभर त्यांच्या वाट्याला आली.

दर बैठकीला नवे प्रयोग…

लंडनमध्ये १६६० साली रॉयल सोसायटी स्थापन झाली. सभासदांपुढे प्रयोग करून दाखवण्यासाठी माणूस हवा होता. नोव्हेंबर १६६२ मध्ये ही जबाबदारी हूक यांच्यावर आली. प्रत्येक बैठकीत तीन-चार दखल घेण्याजोगे प्रयोग सादर करायचे आणि सोसायटीकडे पैसा येईपर्यंत मोबदल्याची अपेक्षा ठेवायची नाही, अशी अट होती. उपकरण स्वतः बनवायचे, प्रयोग आधी करून पाहायचा, मग जाणकारांसमोर मांडायचा आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. प्रकल्पाची तारीख जवळ आल्यावर शाळकरी मुलांची जी धावपळ होते, ती हूक यांनी वर्षानुवर्षे केली.

या धबडग्यातच सूक्ष्मदर्शकाचे काम सुरू झाले. हूक यांचा सूक्ष्मदर्शक लंडनमधील कारागीर ख्रिस्तोफर कॉक यांनी तयार केला होता. त्यातून वस्तू साधारण ५० पट मोठी दिसे. विजेचा दिवा नव्हता. म्हणून हूक यांनी तेलाच्या दिव्यासमोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवला आणि त्यातून येणारा प्रकाश भिंगाने वस्तूवर एकवटला. ढगाळ लंडनमध्ये या जुळणीमुळे रात्रीही काम करता येऊ लागले.

बुचाच्या कापात काय दिसले?

बाटलीला लावतात ते बूच हे कॉर्क ओक या झाडाच्या जाड सालीपासून तयार होते. (आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांचे जे बुचाचे झाड असते, ते वेगळे.) हूक यांनी चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून बुचाचा पृष्ठभाग गुळगुळीत केला. सूक्ष्मदर्शकाखाली तो किंचित सच्छिद्र वाटला, पण खात्री होईना. मग त्यांनी अतिशय पातळ काप काढला. बूच फिकट रंगाचे, म्हणून काप काळ्या पट्टीवर ठेवला आणि त्यावर भिंगातून प्रकाश टाकला.

आता मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना स्पष्ट दिसली. मात्र पोळ्यातील घरे एकसारखी असतात, बुचातील कप्पे तसे नव्हते. ते कमी खोल होते आणि पातळ पडद्यांनी एकमेकांपासून वेगळे झालेले होते. या कप्प्यांसाठी हूक यांनी लहान खोली या अर्थाचा ‘सेल’ हा शब्द वापरला. मराठीत आपण त्यालाच पेशी म्हणतो. एप्रिल १६६३ मध्ये त्यांनी हे निरीक्षण रॉयल सोसायटीपुढे ठेवले.

केवळ आकार पाहून ते थांबले नाहीत. बूच इतके हलके का, पाण्यावर का तरंगते, दाबले की का दबते आणि सोडले की पुन्हा का फुगते, या प्रश्नांचे उत्तर त्यांना त्याच कप्प्यांत सापडले. बुचात घन भाग अगदी थोडा आणि बंद कप्प्यांत अडकलेली हवाच जास्त. वस्तूचा गुणधर्म तिच्या सूक्ष्म रचनेतून समजावून देण्याचा हा प्रयत्न होता.

एका इंचात किती पेशी? हूक यांचे गणित…

हूक यांनी पेशी मोजल्याही. एका इंचाच्या अठराव्या भागात, ओळीने, सुमारे ६० कप्पे भरले. म्हणजे एका इंचात १,०८०. एका चौरस इंचात ११ लाख ६६ हजार ४०० आणि एका घन इंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावरही या आकड्यावर विश्वास बसणे कठीण होते, म्हणून त्यांनी हिशेबच मांडून दाखवला.

मापासाठी त्यांनी साधी युक्ती वापरली होती. एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा आणि दुसऱ्या उघड्या डोळ्याने तेवढ्याच अंतरावरील पट्टीकडे पाहायचे. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर आल्या, की वस्तू किती पट मोठी दिसते ते कळते. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर ही युक्ती आजही करून पाहता येते.

पेशी आधी वनस्पतीत का सापडली?

वनस्पती पेशीला पेशीभित्तिका असते, प्राणी पेशीला नसते. म्हणूनच मुले वनस्पती पेशीसाठी खोका निवडतात आणि प्राणी पेशीसाठी वाडगा. पेशींच्या शोधाचा इतिहासही याच फरकाने ठरवला. बुचातील पेशी केव्हाच मेलेल्या असतात. आतला जिवंत भाग नाहीसा झाला तरी कडक भिंती शिल्लक राहतात. त्यामुळे सुकलेल्या सालीतही हूक यांना खोल्या दिसू शकल्या. प्राण्याचा सुकलेला मांसल भाग त्यांनी त्या उपकरणाखाली ठेवला असता, तर अशा नीटस खोल्या दिसल्या नसत्या.

हूक यांनी फक्त बूच पाहिले, असा समज आहे. तो अपुरा आहे. त्यांनी गाजर, बडीशेप, नेचे आणि काही झाडांच्या खोडातील गाभाही तपासला. हिरव्या, ताज्या वनस्पतींत हे कप्पे रसाने भरलेले असतात, हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे जिवंत पेशीत काहीतरी असते, इथवर ते पोहोचले होते. ते काय असते हे पाहण्याइतकी त्यांची भिंगे चांगली नव्हती.

‘मायक्रोग्राफिया’ इतके का गाजले?

१६६५ च्या सुरुवातीला हूक यांचे ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात ६० निरीक्षणे आणि ३८ चित्रपृष्ठे होती. सुरुवात सुईच्या टोकापासून आणि वस्तऱ्याच्या धारेपासून. उघड्या डोळ्यांना अणकुचीदार वाटणारे टोक प्रत्यक्षात किती बोथट आणि खडबडीत असते, हे वाचकाने आधी पाहावे, अशी ही मांडणी होती. पुढे माशीचे डोळे, खसखशीचे दाणे, बुरशी, ऊ आणि पिसू. घडी उलगडून पाहायचे पिसूचे चित्र सुमारे दीड फूट लांब होते.

चित्रे सहज उतरली नव्हती. मुंगी स्थिर राहीना, तेव्हा हूक यांनी तिला ब्रँडीत बुडवून गुंगी आणली आणि शुद्धीवर येईपर्यंत तिचे निरीक्षण केले. खाजकुइलीसारखी आग करणाऱ्या एका वनस्पतीचे काटे कसे टोचतात हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालीच तिच्यावर बोट दाबले. उंचवटा आणि खळगा यांत गफलत होऊ नये म्हणून एकच वस्तू वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या प्रकाशात पाहायची आणि खरा आकार पटल्यावरच चित्र काढायला घ्यायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. लेलींच्या चित्रशाळेतील अर्धवट राहिलेले शिक्षण इथे उपयोगी पडले. दैनंदिनीसाठी प्रसिद्ध असलेले सॅम्युएल पीप्स हे पुस्तक हाती आल्यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले होते.

हूक कुठे चुकले?

पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक आहे, असे हूक यांनी कोठेही म्हटलेले नाही. बुचातील कप्पे म्हणजे वनस्पतीत रस वाहून नेणाऱ्या वाटा असाव्यात, असा त्यांचा तर्क होता. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणारी दारे त्यांनी शोधलीही. ती दिसली नाहीत, आणि दिसली नाहीत हे त्यांनी लिहून ठेवले. चित्रातही त्यांनी कप्पे रिकामेच दाखवले. तर्काला सोयीची दारे काढणे त्यांच्यासारख्या कसलेल्या चित्रकाराला मुळीच अवघड नव्हते.

रिकाम्या खोल्या कोणी भरल्या?

हॉलंडमधील कापडाचे व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्यातील सूक्ष्म जीव पाहिले आणि १६७६ मध्ये रॉयल सोसायटीला सविस्तर पत्र पाठवले. अनेकांना ते खरे वाटेना. पडताळणीचे काम हूक यांच्याकडे आले. पावसाच्या पाण्यात काळी मिरी भिजत घालून त्यांनी ते पाणी तपासले आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये त्यातील हालचाल करणारे जीव सभासदांना दाखवले. एका परक्या, अल्पशिक्षित व्यापाऱ्याचे निरीक्षण खरे ठरवण्यासाठी हूक यांनी आपले कसब वापरले होते.

मुलांच्या प्रतिकृतीतला चेंडू मात्र बराच उशिरा आला. केंद्रकाला ते नाव देऊन वनस्पती पेशींतील त्याचे महत्त्व रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये मांडले. १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींबाबत आणि १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांबाबत सांगितले, की शरीर पेशींचे बनलेले असते. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते, हे विरशॉ यांनी १८५५ मध्ये ठामपणे मांडले. रिबिनीचे गॉल्गी संकुल इटलीच्या कामिलो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये घुबडाच्या चेतापेशीत पाहिले. तंतुकणिकेचे इंग्रजी नावही त्याच वर्षी रूढ झाले. लयकारिकेचा शोध थेट १९५५ चा. हूक यांच्या खोक्यापासून आजच्या भरलेल्या प्रतिकृतीपर्यंत यायला सुमारे ३०० वर्षे लागली.

मग हे नाव मागे का पडले?

सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला भीषण आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळून गेला. पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या भूमापकांत हूक होते. रस्ते आखणे, घरांच्या जागांच्या सीमा ठरवणे आणि तंटे मिटवणे यांत त्यांची अनेक वर्षे गेली. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर रेन यांच्यासोबत त्यांनी अग्निकांडाचे स्मारक उभारले. २०२ फूट उंचीचा तो स्तंभ १६७७ मध्ये पूर्ण झाला आणि आजही उभा आहे. १६७८ मध्ये त्यांनी स्प्रिंगचा ताण आणि लांबी यांचा नियम स्पष्ट करून मांडला. हूकचा नियम म्हणून तो आज भौतिकशास्त्रात शिकवला जातो.

इतक्या कामांत अनेक कल्पना अर्धवट राहिल्या. दुसऱ्याने त्या पूर्ण केल्या, की आपण हे आधी सुचवले होते, असे हूक सांगत. त्यातून वाद झाले आणि सर्वांत मोठा वाद आयझॅक न्यूटन यांच्याशी झाला. १६७२ मध्ये न्यूटन यांच्या प्रकाशावरील लेखावर हूक यांनी टीका केली. पुढे १६७९-८० च्या पत्रव्यवहारात ग्रहांची गती आणि सूर्याकडील ओढ यांविषयी हूक यांनी महत्त्वाच्या सूचना केल्या. त्यांची गणिती सिद्धता मात्र न्यूटन यांनी दिली. श्रेय कोणाचे, यावरून संबंध कायमचे तुटले.

हूक स्वभावाने सोपे नव्हते. उतारवयात ते संशयी आणि एकलकोंडे झाले. दृष्टी गेली, पायांना सूज आली. ३ मार्च १७०३ रोजी लंडनच्या ग्रेशम कॉलेजमधील खोलीत त्यांचे निधन झाले. काटकसरीत राहणाऱ्या या माणसाच्या पेटीत आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम निघाली. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले.

आज हूक यांचे खात्रीचे एकही चित्र उपलब्ध नाही. ते न्यूटन यांनी नष्ट केले, असे अनेकदा सांगितले जाते, पण त्याला पुरावा नाही. २००३ मध्ये एक चित्र हूक यांचे असल्याचा दावा झाला. ते व्हान हेल्मोंट या दुसऱ्याच शास्त्रज्ञाचे असल्याचे नंतर दाखवून देण्यात आले. इंटरनेटवर ते हूक यांच्या नावाने अजूनही फिरते आणि शाळेच्या तक्त्यांवरही चिकटवले जाते. तीनशे वर्षांनीही नशीब पूर्ण पालटले नाही, पण थोडे उजाडले. २००६ मध्ये इंग्लंडमधील एका घराच्या कपाटात हूक यांच्या हस्ताक्षरातील रॉयल सोसायटीच्या बैठकांच्या नोंदी सापडल्या. सोसायटीने सुमारे दहा लाख पौंड उभे करून त्या मिळवल्या.

शाळेच्या प्रकल्पाला यातून काय मिळते?

पेशीची तयार प्रतिकृती आता दुकानात मिळते, ऑनलाइनही मागवता येते. पालकांनी रात्री जागून केलेले मॉडेलही सुबक दिसते. पण लाकडी घड्याळ घडवताना छोट्या रॉबर्टला प्रत्येक चाक का आहे हे समजून घ्यावे लागले होते. ते समजणे विकत आणता येत नाही.

प्रकल्प वेगळा करायचा असेल, तर काही गोष्टी सहज जमण्याजोग्या आहेत. तक्त्यावर हूक यांच्या छायाचित्राच्या नावाखाली भलत्याचेच चित्र लावण्याऐवजी बुचाचा एखादा तुकडा लावता येईल. भरलेल्या पेशीशेजारी एक रिकामा खोका ठेवून त्यावर १६६५ लिहिता येईल. केंद्रकावर १८३१, गॉल्गी संकुलावर १८९८, लयकारिकेवर १९५५ अशा चिठ्ठ्या लावल्या, की पाहणाऱ्याला पेशी हळूहळू कशी भरत गेली ते कळेल. कांद्याच्या पापुद्र्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे चित्र स्वतःच्या हाताने काढता येईल. त्यात केंद्रक आणि भित्तिका दिसेल, तंतुकणिका बहुधा दिसणार नाहीत. तेव्हा पुस्तकातील आकृती पाहून त्या चित्रात भरायच्या नाहीत. जे दिसले नाही ती जागा कोरी ठेवायची आणि शेजारी तसे लिहायचे. हूक यांच्या चित्रातही ती कोरीच आहे.